मुखपृष्ठावरचा गळा



या अंकाचं मुखपृष्ठ पाहून काहीजणी दचकतील याची आम्हाला कल्पना आहे. कीर्तनात बसलेली एक बाई, बाजूने दिसणारी, आणि तिच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ. या चित्रावरून संपादक गटाच्या दोन बैठका गाजल्या. "बायकांच्या अंकावर बाईचं व्यंग छापायचं?" असं एकीने सरळ विचारलं. तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. शेवटी चित्र छापायचं ठरलं, पण एकमताने नाही. आग्रह माझा होता, म्हणून हे संपादकीय लिहायचं कामही माझ्याच गळ्यात आलं.

सुरुवात नरसी नामदेवला झाली. हिंगोलीजवळचं, कयाधू नदीच्या परिसरातलं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी परतवारीच्या एकादशीला इथे येतात, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी आजूबाजूला हळद आणि सोयाबीन, आणि त्यात दिवसभर वाकलेल्या बायका. आमची बैठक संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात होते.

त्या दिवशी मी आरोग्याचा चित्रसंच घेऊन गेले होते. बारा चित्रं आहेत. गरोदर बाई, अंगावरून पांढरं जाणारी बाई, रक्त कमी असलेली बाई, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. संच आम्हीच तयार करून घेतलेला, त्यामुळे थोडा अभिमानही होता. चित्रं हातोहात फिरून झाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मह्यासारखी एकबी नाही ह्याच्यात."

"तुमच्यासारखी म्हणजे कशी, मावशी?"

त्यांनी हनुवटीखाली धरलेला पदर सोडला.

दोन वर्षं या मावशी माझ्यासमोर बसत होत्या. घरी आल्यावर मी बैठकीची नोंदवही काढली. त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: उपस्थिती नियमित, सहभाग कमी, निरुत्साही. एम. एस. डब्ल्यू. करताना निरीक्षण कसं करावं याचे आम्हाला तास असायचे. त्यात मला चांगले गुण होते.

मावशींची गोष्ट पुढच्या दोन-तीन भेटींत कळली. गाठ सहा-सात वर्षांपासूनची. आधी बोराएवढी होती. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, त्यांनीही नाही. पण त्याच सुमाराला अंगातली ताकद गेली. सकाळी उठवत नाही, थंडी सोसत नाही, केस गळतात, आवाज घोगरा झाला, वजन वाढलं. "खाऊन खाऊन सुजली" असं घरात म्हणायला लागले. पाळीला रक्तस्राव इतका की शेतात जाणं बंद. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तेव्हा पिशवी काढून टाका म्हणाले. पैसे नव्हते, म्हणून पिशवी वाचली. या सगळ्या फेऱ्यांत एकाही डॉक्टरने गळ्याला हात लावला नव्हता. पाळीची तक्रार सांगणाऱ्या बाईचं पोट तपासायचं, एवढंच कदाचित त्यांना ठाऊक असावं.

रक्त तपासल्यावर टीएसएच खूप वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉईडचं काम मंदावलेलं. ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी असते. तिच्या स्रावावर सगळ्या शरीराची गती चालते. स्राव कमी पडला की बाई थकते, सुजते, पाळी बिघडते, गर्भ राहत नाही किंवा राहिलेला टिकत नाही, मन खचतं. स्राव जास्त झाला की छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही माणूस वाळत जातो, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. हे सगळे आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पट अधिक आढळतात. आणि त्यांची लक्षणं वाचून बघा. आळशी, रडकी, वांझोटी, तापट, डोळे वटारणारी. एवढी सगळी नावं आपल्याकडे बाईला आधीपासून आहेत, मग आजाराचं नाव शोधायला कोण जाणार?

पिशवीचा मुद्दा इथे थोडा थांबून सांगते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातले मुकादमाचे, उचलीचे, पाळीत सुट्टी न मिळण्याचे मुद्दे आपण या ना त्या निमित्ताने बोलतोच. पण जास्त रक्तस्रावामागे थायरॉईडचा मंदपणा हेही एक कारण असू शकतं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका स्वस्त गोळीने आटोक्यात येतं. शस्त्रक्रियेआधी ही तपासणी झाली का, हा प्रश्न आपल्या प्रत्येक आरोग्य कार्यकर्तीच्या तोंडी असायला हवा.

मावशींची गोळी सुरू झाली. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चित्रसंचात तेरावं चित्र घालायचं तर गाठ असलेली बाई काढायची कशी? ती केविलवाणी वाटू नये, भीतीदायक वाटू नये आणि गाठ लपूही नये. म्हणून मी जुनी चित्रं शोधायला लागले आणि त्यात बरीच गुंतले.

युरोपातल्या आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत गलगंड घरोघरी होता. तिथल्या माती-पाण्यात आयोडिन कमी. त्यामुळे चित्रकारांच्या डोळ्यांसमोर असे गळे रोज असत आणि ते चित्रांत उतरले. ऑस्ट्रियातल्या राइन इथल्या मठात १२१५च्या सुमारास तयार झालेली नमुनाचित्रांची एक हस्तलिखित वही आहे. नामदेवांच्या जन्माआधी पन्नासेक वर्षांची. तिच्यात गळ्याला मोठमोठ्या गाठी असलेला एक माणूस काढला आहे आणि त्याच्या हातात दिली आहे विदूषकाची काठी. अभ्यासक हे गलगंडाच्या आणि त्यासोबत येणाऱ्या बुद्धिमांद्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानतात. म्हणजे पहिल्यांदा दिसला तो हसण्यासाठी. आईच्या शरीरात आयोडिन फार कमी असेल तर मुलाची वाढ आणि बुद्धी खुंटते. अशा माणसांसाठी आल्प्सच्या फ्रेंच बोलीत 'ख्रिस्ती' या अर्थाचा शब्द होता, हाही आपल्यासारखा माणूसच आहे एवढं सांगणारा, असं पुष्कळ जण मानतात. पुढे त्याच शब्दाची युरोपभर 'क्रेटिन' ही शिवी झाली. आपल्याकडच्या सरकारी फॉर्मवर अपंगत्वाचे शब्द किती वेळा बदलले आणि बसमधली वागणूक किती बदलली, ते आठवून बघा.

दुसरीकडे, याच काळानंतरच्या इटलीत बाईचा भरलेला, किंचित फुगीर गळा सौंदर्याचं लक्षण ठरला होता. मेरीच्या, श्रीमंत घरच्या बायकांच्या कितीतरी चित्रांत तसा गळा दिसतो आणि आजचे डॉक्टर तिथे थायरॉईड शोधत बसतात. त्यातलं खरं किती आणि चित्रकाराची पद्धत किती, हे सांगणं कठीण. लिओनार्दोच्या मोनालिसाचंच घ्या. २०१८ मध्ये दोन संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की पिवळसर त्वचा, विरळ केस, नसलेल्या भुवया, सुजल्यासारखा हात, गळ्याचा फुगीरपणा हे सगळं पाहता लिसा गेरार्दिनी या बाईला थायरॉईडची कमतरता असावी. लगेच दुसऱ्यांनी खोडून काढलं. पिवळेपणा जुन्या रोगणाचा आहे, आणि कमतरता एवढी असती तर ही बाई त्या काळात साठी ओलांडून जगली नसती. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका बाईच्या भुवयांवर डॉक्टर एवढे वाद घालतात, आणि नरसीच्या मावशींच्या भुवया विरळ झाल्याचं समोर बसून कुणाच्या लक्षात येत नाही. यात मीही आलेच.

मायकेलएंजेलोचंही एक सांगते. सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवताना (१५०८ ते १५१२) मान वर करून करून आपल्याला गलगंड झालाय, अशी तक्रार त्याने एका मित्राला उद्देशून कवितेत केली. होती ती थट्टाच. पण पुरुषाच्या मानेचं दुखणं कवितेत बसलं आणि जगाने जपून ठेवलं.

या सगळ्या शोधात मी खरी थांबले ती काराव्हाज्जोच्या एका चित्रापाशी. त्याने १६०६-०७ मध्ये नेपल्सला संत अँड्र्यूच्या वधस्तंभाचं चित्र काढलं. ते सध्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. या संताला क्रूसावर दोरांनी बांधलं होतं आणि तशा अवस्थेत तो दोन दिवस जमलेल्या लोकांना उपदेश करत राहिला, अशी कथा आहे. चित्रात वर तो, भोवती सैनिक आणि बघे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक म्हातारी. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, गळ्यावर मोठी गाठ. काराव्हाज्जो रस्त्यावरच्या माणसांना समोर बसवून संत-देव रंगवायचा, त्यामुळे ही बाईही त्याने कुठेतरी पाहिलेली असणार. ती मान वर करून बघते आहे. मान वर केल्यामुळेच गाठ पुरती दिसते. पण तिचं लक्ष गाठीकडे नाही, आपल्याकडेही नाही. ती ऐकते आहे.

हे चित्र पाहिल्यावर मला नरसीच्या कीर्तनात खांबाला टेकून बसणाऱ्या बायका आठवल्या. चित्रकाराने तिला कोपरा दिला, हे खरंच. तिथेही ती कोपऱ्यातच आहे. पण तिला कुणाचं हसू करायला तिथे बसवलेलं नाही, रोगाचा नमुना म्हणूनही नाही. तिला तिचं काहीतरी काम आहे त्या चित्रात. एका पुरुषाने चारशे वर्षांपूर्वी जे केलं ते आमच्या बारा चित्रांना जमलं नव्हतं.

आपल्याकडच्या कलेत काय आहे तेही शोधलं. वैद्यकाला गलगंड चांगला माहीत होता. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे, त्याचे वात, कफ आणि मेद असे प्रकार सांगितले आहेत. गळ्याशी अंडकोशासारखी लोंबणारी सूज, अशी उपमा तिथे येते. (बघणारा पुरुष, उपमाही त्याच्या जवळचीच!) पण शिल्पांत मात्र बाईचा गळा म्हणजे कंबुग्रीवा, शंखासारखा, तीन रेघांचा. नरसीहून औंढा नागनाथ फार लांब नाही. विसोबा खेचर आणि नामदेव यांची कथा घडली ते हेच देऊळ. एका बैठकीनंतर मुद्दाम तिथे थांबले आणि बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं गळे बघत बघत फिरले. लोक माझ्याकडे बघत होते ते वेगळंच. सगळे गळे घडवलेले, दागिन्यांनी भरलेले. आपल्या शिल्पकारांना पिचलेलं शरीर काढता येत नव्हतं असं नाही. वेरूळला हाडं-बरगड्या दिसणाऱ्या आकृती आहेत, चामुंडा तर खपाटीला गेलेल्या पोटाचीच असते. पण ती मृत्यूची, भयाची. मंदिराच्या भिंतीवर मला आजारी साधी बाई दिसली नाही.

मग कॅलेंडरं. जनाबाईचं चित्र तुम्ही सर्वांनी पाहिलेलं आहे. जातं, शेजारी विठ्ठल, आणि जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी, आयुष्यभर दळण-कांडण, शेणी-गोवऱ्या केलेली बाई. चित्रात ती कशी असते? गोरी, बारीक, नितळ गळ्याची. राबून राबून तिचं काही झालंय असं एकाही चित्रकाराला वाटलेलं नाही. तिचं स्वतःचं बोलणं अभंगांतून एवढं उघडं आणि अंगभर, आणि चित्रं मात्र फोटो स्टुडिओतून आल्यासारखी.

झाकण्याची रीत सगळीकडची. बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे बायका पारंपरिक पोशाखावर गळ्यालगत रुंद पट्टा किंवा पदरी साखळ्यांचा दागिना घालतात. त्याचं तिथलं नावच गलगंडावरून पडलेलं आहे, कारण त्याखाली गाठ झाकता यायची. आज ते हौसेने घालतात. हे वाचल्यावर मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ठुशी होती मही. आईनं घातलेली. गाठ आली तवा काढून ठेवली, आवळत होती. मंग मोडली." म्हणजे त्यांना झाकायला ठुशीही उरली नव्हती. उरला पदर. आणि मी दोन वर्षं तो मर्यादेचा पदर समजत होते. एकदा तर पदराबद्दल त्यांना थोडं सुनावलंही होतं.

आता मुखपृष्ठाच्या वादाकडे येते. विरोध करणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं असं की राइनच्या विदूषकाचंच आपण नव्याने करतो आहोत. गाठ दाखवली की लोकांना बाई दिसत नाही, फक्त गाठ दिसते. दवाखान्यातल्या भित्तिपत्रकांवर असे फोटो असतात, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले, आणि ते पाहून कुणी तपासणीला जात नाही, उलट तोंड फिरवतं. हे त्यांचं म्हणणं मला पटतं. माझं म्हणणं एवढंच होतं की न दाखवण्याचा अनुभव आपण घेतलेला आहे. आमच्या बारा नितळ गळ्यांच्या संचाने मावशींना सांगितलं होतं की तुमचा आजार बायकांच्या आजारांत मोडत नाही.

सरकारी मोजणीतही हेच होतं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडिन कमतरतेच्या सर्व विकारांपर्यंत तो वाढवला. पूर्वी हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग मानत. पुढे पाहणी केलेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत तो लक्षणीय प्रमाणात आढळला. पण पाहणीत गळे तपासतात ते सहा ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांचे. त्याला शास्त्रीय कारण आहे, मुलांमध्ये आताची कमतरता लवकर दिसते आणि शाळेत सगळी मुलं एकत्र सापडतात. तरी त्या मुलांच्या आया मोजणीबाहेर राहतात हे उरतंच. शिवाय आता आयोडिनयुक्त मीठ पोचलेल्या भागांतही बायकांमध्ये थायरॉईडचे विकार आहेत. शरीराची संरक्षणव्यवस्थाच या ग्रंथीवर उलटते, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे मीठ बदललं की प्रश्न संपला, असं सांगून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

मिठाचं मात्र महत्त्व आहेच. स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठात आयोडिन घालायला सुरुवात केली आणि शतकानुशतकं चित्रांत दिसणारे ते गळे दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ दिसेनासे झाले. आपल्याकडे खाण्यासाठी बिगर-आयोडिन मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. मिठावर सक्ती कशाला, हा आक्षेप घेणाऱ्यांत आपल्या ओळखीचे गांधीवादी कार्यकर्तेही होते. छोट्या मिठागरांच्या पोटाचा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्या चर्चेत गरोदर बाईच्या गळ्याचा मुद्दा फारसा ऐकू आला नाही. गटांत सांगायला सोप्या गोष्टी: मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीजवळ उघडं ठेवू नका, खडे मीठ धुऊन वापरू नका, भाजीत शेवटी घाला.

मुखपृष्ठाचं चित्र छापायला देण्याआधी मावशींना दाखवायला नेलं. त्यांच्याच अटीवर ते काढलेलं आहे. चेहरा ओळखू यायला नको ही पहिली अट, कारण मुलीची सोयरीक चालू आहे आणि गळ्याचा रोग घराण्यात आहे असं पसरलं तर लग्न मोडेल. हा धोका आजही खरा आहे. त्यामुळे नाक-डोळे दुसऱ्याच कुणाचे आहेत. दुसरी अट, तिला कीर्तनात बसवायचं, दवाखान्यात नाही. आमच्या चित्रकार मैत्रिणीने संकोचाने गाठ लहानच काढली होती. मावशींनी चित्र हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, "लई बारीक काढली बाई तू. लोकं म्हणतील सावली पडली."

मग तिथेच पेन्सिलीने ती मोठी केली.

तेराव्या चित्रासह नवा संच तयार आहे. ज्या गटांना हवा आहे त्यांनी संपादकीय पत्त्यावर कळवावं. आणि तुमच्या भागात कुणी अशी चित्रं काढत असेल तर आम्हाला जरूर पाठवा. पाठवण्याआधी ज्या बाईवरून ते काढलंय तिला एकदा दाखवा, आणि ती काय म्हणाली तेही सोबत लिहा.